बटाटा लावताय? आधी जमिनीचं तापमान बघा

पहिल्यांदाच बटाटा लावताय, तर खतापेक्षा आधी उष्णतेचा विचार करा. माती १५ ते २० अंश असली की कंद छान पोसतात. रात्री गरम राहू लागल्या की झाड नुसतं पाल्यावर जातं आणि माती ३० अंशांच्या आसपास गेली की कंद धरणं जवळपास थांबतंच. म्हणून जुन्या तारखांवर विसंबू नका, हवा बघून लावणी करा आणि लवकर तयार होणारा वाण निवडा.

उगवण झाली, झाडाच्या बुंध्याशी मातीची भर दिली, की वरंब्यावर पेंढ्याचं जाड आच्छादन टाका. भर दुपारी त्याखाली हात घालून बघा, फरक लगेच कळेल. ओलही टिकते. कंद धरायच्या वेळी पाण्याचा ताण अजिबात नको, पण पाणी साचूही देऊ नका. ठिबक असेल तर उत्तमच.

बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, रोगमुक्त, खात्रीचंच घ्या. इथे काटकसर नकोच. ढगाळ, दमट हवेत रोज पानं उलटून बघा. खालून पांढुरकी बुरशी आणि काळपट डाग दिसले तर करपा रोग समजा, ती झाडं त्याच दिवशी उपटून शेताबाहेर न्या. त्याच जागी पुन्हा बटाटा, टोमॅटो किंवा वांगं किमान तीन वर्षं नको. मधे कडधान्य घ्या.