कोर्ट आहे ना, मग भीती कशाची?

नगरपालिकेच्या टँकरवाटपावर तुम्ही चार ओळींचं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यातून "साहेबांनी बोलावलंय" असा फोन आला. त्यावर वर एका सदस्यांनी धीर दिलाय, की आयटी कायद्याचं 66अ, म्हणजे ऑनलाइन लिखाणावर गुन्हा लावणारं कलम, सुप्रीम कोर्टानं कधीच रद्द केलंय, देशात कोर्टं आहेत, घाबरू नका. घाबरू नका हे बरोबर. पण कोर्टं आहेत म्हणून निर्धास्त राहा, हे तालुका कोर्टात फौजदारी वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला पटत नाही. बोलण्याचा हक्क दिल्लीत जिंकतो आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हरतो, हे आपल्या राज्यानं पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पालघर आठवा. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. नोव्हेंबर 2012, बाळासाहेब ठाकरे गेले, सगळं बंद. एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, की माणसं रोज जन्मतात, रोज मरतात, त्यासाठी बंद कशाला? तिच्या मैत्रिणीनं ते लाईक केलं. जमावानं मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला आणि पोलिसांनी अटक केली ती मुलींना! आधी धार्मिक भावना दुखावल्याचं कलम, मग ते बदलून दुसरं, जोडीला 66अ. जामीन लगेच झाला, गदारोळ झाल्यावर पोलीस अधिकारी निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि 2013 च्या सुरुवातीला प्रकरण बंद पडलं. कागदावर न्याय झाला. पण पालघर मुंबईच्या कॅमेऱ्यांपासून लांब नव्हतं. हेच जतला किंवा धडगावला घडलं असतं तर कुणाची बदली झाली असती?

या प्रकरणाचं मर्म अटकेच्या क्रमात आहे. पोलीस ठाण्यासमोर जमाव उभा असतो. शे-दोनशे लोकांना पांगवायचं तर बंदोबस्त मागवा, लाठीमाराचा जाब द्या, पुढाऱ्यांचे फोन घ्या. त्यापेक्षा एकाला उचललं की जमाव घरी जातो. अधिकाऱ्याच्या दृष्टीनं हा सरळ व्यवहार आहे, द्वेष असायलाच हवा असं नाही. आणि हा व्यवहार चुकीचा ठरला तर खिशातून काही जात नाही, म्हणून तो पुन्हा होतो. जमाव कोणत्या झेंड्याचा आणि सरकार कुणाचं, यानं फारसा फरक पडत नाही. 66अ डिसेंबर 2008 मध्ये संसदेत चर्चेविना मंजूर झालं ते यूपीएच्या काळात. पालघरच्या आधी दोनच महिने व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली, तेव्हा राज्यात आघाडीचं सरकार होतं. नंतरच्यांनीही तीच वाट मळली. त्यामुळे 'आमच्या काळात असं नव्हतं' म्हणणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी जरा दमानं घ्यावं.

आता 66अ चं. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं. 'त्रासदायक', 'अत्यंत अपमानास्पद' अशा ढगळ शब्दांवर तीन वर्षांची कैद देता येत नाही, असा तो निकाल. पुढं काय झालं? 2021 मध्ये पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना कोर्टात गेली, तेव्हा तिच्या अर्जात 11 राज्यांत याच मेलेल्या कलमाखालचे 745 खटले प्रलंबित असल्याचं म्हटलं होतं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नरिमनच समोर होते, ते चकित झाले. केंद्र सरकारचे सर्वोच्च वकील असलेल्या ॲटर्नी जनरलांनी दिलेलं उत्तर मला आजही विसरता येत नाही: कायद्याच्या पुस्तकात कलम छापलेलं असतं, ते रद्द झाल्याचं खाली तळटीपेत असतं, पोलीस कलम बघतात, तळटीप बघत नाहीत. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तळटीपेच्या बारीक टायपात अडकला होता! शेवटी ऑक्टोबर 2022 मध्ये कोर्टाला वेगळा आदेश काढून सगळ्या पोलीस प्रमुखांना बजावावं लागलं, की या कलमाखाली कुणावर कारवाई करू नका.

आणि 66अ गेलं म्हणून हत्यार संपलं नाही. समाजांत तेढ पसरवल्याबद्दलच्या जुन्या दंड संहितेतल्या 153अ चं आता भारतीय न्याय संहितेत 196 झालंय, अफवा-चिथावणीच्या 505 चं 353. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांनी ऑगस्ट 2022 मध्ये स्टेटसला लिहिलं, की 5 ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले ठाण्यात 153अ खाली गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. मार्च 2024 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी रद्द केला आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे, असं सुनावलं. या निकालात एक जुना धागा आहे. 1946 मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं होतं, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, विचारी माणसाच्या मापानं, प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्या भेदरट माणसाच्या नाही. नागपूरचं हे माप हातकणंगल्यापर्यंत पोचायला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली, तेही दिल्लीमार्गे.

त्या दीड वर्षात माणसावर काय जातं ते कोर्टाबाहेर बसणाऱ्यांना विचारा. वकिलाची फी, नोकरीवर टांगती तलवार, पासपोर्टला अडथळा, सोयरीक जुळवताना निघणारा विषय. मोबाईल मुद्देमालात जमा, तो तपासणीला गेला की कधी परत येईल सांगता येत नाही. त्यात बँकेचा ओटीपी, मुलांचे फोटो, दुकानाची उधारी, सगळं. निर्दोष सुटलेल्या अशिलाला यातलं काही परत मिळत नाही.

पोस्ट काढून टाकून माफी मागितली की मिटतं, हाही गैरसमज सोडा. मे 2025 मध्ये पुण्याच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीनं इन्स्टाग्रामवरची पोस्ट काही तासांत काढली, माफी मागितली, तरी अटक झाली आणि कॉलेजनंही काढून टाकलं. महिनाअखेरीस उच्च न्यायालयानं सरकारची खरडपट्टी काढून जामीन दिला, तेव्हा कुठं ती परीक्षेला बसू शकली.

आता तुमचं. तोंडी फोनवर धावत जाऊ नका, टाळूही नका. नम्रपणे सांगा, की नोटीस पाठवा, मी हजर राहतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, 35(3) खाली नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. नोटीस मिळाली की मात्र तारीख चुकवायची नाही, नाहीतर अटकेला तुम्हीच कारण पुरवाल. गुन्हा अजून दाखल नसेल तर वकिलामार्फत त्याच संहितेच्या 173(3) चा मुद्दा लेखी मांडा: तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती साधारणपणे करावीच, असं सुप्रीम कोर्टानं मार्च 2025 मध्ये कवी इम्रान प्रतापगढींच्या कवितेच्या खटल्यात सांगितलंय. निकालाची प्रत छापून सोबत न्या. तोंडी सांगितलेला निकाल ठाण्यात कुणी ऐकत नाही, कागद पाहिला की सूर बदलतो.

स्टेटस चोवीस तासांनी आपोआप गेलंच असेल, पण त्याचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे हवा. तुम्ही टँकरबद्दल बोललात, समाजाबद्दल नाही, हे त्याच चार ओळींवरून सिद्ध करायचंय. जवळ नसेल तर ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आजच मागून घ्या. आणि कोऱ्या कागदावर सही मागितली, तर वकील आल्यावर करतो एवढंच म्हणा.