ती आसरा, तो आसरा

ऐरोलीहून एका तरुण लेखकाने विचारलं आहे. तो एका कल्पित जगाची कादंबरी लिहितोय. त्या जगात पाण्याची पूजा करणारा एक धर्म होता. त्याचे लोक आपली उपासना बाहेरच्या कुणाला कळू देत नसत, आणि कथा सुरू होते तेव्हा तो धर्म संपून शेकडो वर्षं झालेली आहेत. मसुद्यात त्याने ‘विलुप्त जलपूजक गुप्त कल्ट’ असं लिहिलंय. हे बरोबर आहे का, आणि त्यांच्या जलदेवतांना मराठी वाटेल असं काय म्हणावं, असा प्रश्न.

आधी ‘विलुप्त’ खोडा. हल्ली बातम्यांत गिधाडं विलुप्त, चिमण्या विलुप्त, बोलीभाषासुद्धा विलुप्त. हिंदी बातमी घाईने मराठीत उतरवताना तो ‘वि’ तसाच चिकटून येतो आणि कुणाला खटकतही नाही. मराठीत गोष्टी लोप पावतात, लुप्त होतात, नामशेष होतात. त्यातला ‘नामशेष’ तुमच्या कामाचा नाही. नाव तेवढं उरलं ते नामशेष. ज्यांनी आपलं नावच कुणाला सांगितलं नाही, त्यांचं उरणार काय? ‘लुप्त’ घ्या. पाणिनीने लोपाची व्याख्या ‘अदर्शनं लोपः’ (१.१.६०) एवढ्यात आटोपली आहे, आणि लगेच पुढे (१.१.६२) सांगितलंय की प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचं कार्य होतच राहतं. कादंबरीकाराला व्याकरणाकडून याहून जास्त काय हवं?

‘कल्ट’ची गरज नाही. आपल्याकडे पंथ आहे, संप्रदाय आहे. मी संप्रदाय म्हणेन, कारण त्यात ‘दा’ धातू आहे: हातातून हातात सोपवत आलेलं. आणि ‘गुप्त’ म्हणजे मुळात राखलेलं, रक्षण केलेलं, लपवणं नंतरचं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत लिहून असेच राखले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल करेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ते वाचता येत नव्हते. ग्रंथ गुप्त होते, पंथ मात्र आजही नांदतो आहे. गुप्त आणि लुप्त एका दमात म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता देवता. तुम्ही ‘जलपऱ्या’ सुचवलंय. अहो, विहिरीच्या किंवा तळ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड कधी पाहिले नाहीत? त्या साती आसरा. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. भरदुपारी एकट्याने पाण्यावर जाऊ नये ते त्यांच्यामुळे. ऐरोली-घणसोलीच्या जुन्या गावठाणांत एखाद्या आजीशी दोन घटका बोलला असतात तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

या आसरांवर व्याख्यानांतून एक व्युत्पत्ती ठोकून दिली जाते आणि मी ती इतक्यांदा ऐकली आहे की आता उठून जावंसं वाटतं: ‘पाण्याच्या आश्रयाने राहते, किंवा आसरा देते, म्हणून आसरा.’ साफ चूक. निवारा या अर्थाचा तो आसरा, पुल्लिंगी. देवता ती आसरा, स्त्रीलिंगी. आणि आसरा देण्याचं म्हणाल तर या बाया माणसाला पाण्यात ओढून नेतात, अशीच त्यांची ख्याती!

आसरा ही अप्सराच. संस्कृत अप्सरस्, प्राकृतात अच्छरा. प्राकृतातल्या ‘च्छ’चा मराठीत ‘स’ होतो आणि त्यामागचा ऱ्हस्व ‘अ’ लांबतो. मत्स्य, मच्छ, मासा. वत्स, वच्छ, वासरू. तसंच अप्सरा, अच्छरा, आसरा. हिंदीने ‘छ’ टिकवला म्हणून तिकडे मछली आणि बछड़ा. आपण तो सोडला म्हणून मासा आणि वासरू. हा नियम माझ्या घरचा नाही, भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरच्या फ्रेंच ग्रंथात तो मांडून ठेवला आहे. म्हणजे ताटातला मासा, गोठ्यातलं वासरू आणि विहिरीवरची आसरा एकाच वाटेने मराठीत आली. मला या भाषेत याहून देखणं काही सापडलेलं नाही.

मग अप्सरा म्हणजे काय? यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या आपल्या ग्रंथात, दोन पर्याय दिले आहेत. पहिला, पाण्यात संचार करणारी: ‘अप्’ म्हणजे पाणी. दुसरा, ‘अप्स’ म्हणजे रूप, म्हणून रूपवती. पहिल्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्याने पुढच्या सगळ्यांची सोय करून दिली आणि अप्सरा इंद्राच्या दरबारात नाचायला मोकळ्या झाल्या. आज अप्सरा म्हटलं की मालिकेतला मुकुट आठवतो, पाणी कुणाला आठवत नाही. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडात मात्र अप्सरांचं घर समुद्रात सांगितलंय आणि त्यांच्याबरोबर गंधर्व आहे.

इथे माझा एक तर्क आहे, कुणाला पटो न पटो. पुष्कळ ठिकाणी साती आसरांच्या शेजारी एक पुरुष देव असतो, बहुधा म्हसोबा. सात बाया आणि एक पुरुष, पाण्याच्या काठी. वेदात अप्सरांसोबत गंधर्व, आपल्या विहिरीवर आसरांसोबत म्हसोबा. जागा तीच राहिली, त्या जागेवरचा देव बदलला, असं मला वाटतं. यावर ‘म्हसोबा पशुपालकांचा, त्याचा गंधर्वाशी काय संबंध’ असा आक्षेप घेतात. जागा आणि जागेवर बसणारा या दोन गोष्टी वेगळ्या, हे ज्यांना समजत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

जाता जाता: मासुंदा तलावाच्या काठाला ठाणेकर तलावपाळी म्हणतात. पाळ म्हणजे तळ्याचा बांध, कानाची पाळीही तीच. रोमन अक्षरांतून उलट वाचून ‘तलाव पाली’ लिहिणाऱ्यांनी पाटी रंगवण्याआधी कुणाला तरी विचारावं.

तर ‘लुप्त जलपूजक संप्रदाय’ लिहा. ‘गुप्त’ शीर्षकात नको, ते प्रसंगांतून कळू दे. देवतांना आसरा म्हणा, आणि मुद्रितं येतील तेव्हा स्वतः तपासा. ‘ती आसरा वर आली’चं ‘तो आसरा वर आला’ करणारा मुद्रितशोधक हमखास भेटतो.