टोकणाऱ्याकडे बघ

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि तालमीचा व्हिडिओपण नीट बघितला. जपानी शिकता शिकता तुला मान्झाईचं, म्हणजे दोघांनी स्टेजवर उभं राहून करायच्या त्या जपानी विनोदी संवादाचं, वेड लागलं आणि आता गॅदरिंगला मैत्रिणीबरोबर मराठीत तसंच काहीतरी करायचंय, हे वाचून खरंच खूप छान वाटलं. पण तू सहज लिहून गेलीस की बोके मी करते, पंच सगळे मला आहेत, ती फक्त रिॲक्ट करते. तेवढं वाचून थांबलो, कारण तुमच्या स्किटमध्ये जे अडतंय ते सगळं तिथेच अडतंय.

बोके म्हणजे भलतंच बोलणारा आणि त्सुक्कोमी म्हणजे त्याला टोकणारा, हे तुला माहितीये. आता एक कर. कुठलाही चांगला परफॉर्मन्स लाव आणि प्रेक्षक नेमके कधी हसतात तेवढंच बघ. बोकेच्या वाक्यावर थोडी खसखस पिकते, आणि हॉल फुटतो तो बहुतेक वेळा त्सुक्कोमीच्या वाक्यावर. भलतं ऐकून आपल्या मनात जे गोळा झालेलं असतं ते तो आपल्या वतीने बोलतो ना, म्हणून. जोडीत प्रेक्षकांच्या बाजूने उभं राहिलेलं माणूस तेच. आपल्याकडे बतावणीत सोंगाड्या भाव खाऊन जातो हे खरं, पण समोरचा सरदार ढिला असला तर सोंगाड्याचाही विनोद पडतो, तसंच हे.

आज रात्री 2019 च्या एम-वन ग्रां प्रीच्या, म्हणजे जपानमधल्या मोठ्या मान्झाई स्पर्धेच्या, फायनलमधला मिल्क बॉय या जोडीचा कॉर्नफ्लेक्सवाला परफॉर्मन्स बघ. आधी पाहिला असशील तरी परत बघ, आणि या वेळी नजर फक्त उत्सुमीवर, तो सूटमधला बारीक केस कापलेला. त्याचा पार्टनर कोमाबा सांगतो की आईला नाश्त्याचा एक पदार्थ फार आवडतो पण तिला त्याचं नाव आठवत नाहीये. उत्सुमी म्हणतो सांग, ती काय काय म्हणाली ते सांग, मी ओळखतो. तर गोड असतं, कुरकुरीत असतं, दूध घालून खातात. मग कॉर्नफ्लेक्सच की ते! कोमाबा म्हणतो मलाही तेच वाटलं, पण आई म्हणते मरायच्या आधीचं शेवटचं जेवण म्हणून तेच चालेल. झालं, उत्सुमी लगेच पलटतो. मग कॉर्नफ्लेक्स नाही, शेवटचं जेवण कुणी कॉर्नफ्लेक्स खातं का, अजून भरपूर आयुष्य बाकी आहे म्हणून तर माणूस निवांत कॉर्नफ्लेक्स खात बसतो. मग पोषणाचा तो पंचकोन येतो, खोक्यावर छापलेला असतो तो, आई म्हणते भलताच मोठा आहे. मग कॉर्नफ्लेक्सच! आणि तो एवढा मोठा दिसतो कारण दुधाचं पोषणही त्यातच धरलंय, हेही उत्सुमी सांगून टाकतो. असं शेवटपर्यंत, आहे, नाही, आहे, नाही. 700 पैकी 681 मार्क मिळाले त्यांना, आणि फायनलमध्ये ते पहिल्यांदाच आले होते.

आता यात कोमाबा काय करतो बघ. तो वेडंवाकडं काहीच बोलत नाही, आवाज चढवत नाही, तोंड वेडावत नाही, आई काय म्हणाली तेवढं शांतपणे सांगतो. हशा जवळजवळ सगळा उत्सुमीच्या तोंडी आहे, आणि तो कशावर, तर कॉर्नफ्लेक्सबद्दल या माणसाची एवढी ठाम मतं आहेत यावर. म्हणजे तू जिला फक्त रिॲक्ट करणारी म्हणतेस, ती इथे सगळं ओढून नेतेय.

तुमच्या व्हिडिओत काय होतंय सांगू का. तू काही भन्नाट बोललीस की ती दर वेळी "अगं काय बोलतेस!" म्हणते. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा चालून जातं, नंतर आपल्याला ते आधीच ऐकू यायला लागतं. यात तिची चूक नाही, स्क्रिप्ट तू लिहिलीयस आणि तिच्यासाठी काही लिहिलंच नाहीयेस. उत्सुमीच्या प्रत्येक टोकण्यात नवा माल असतो, एखादा मुद्दा, एखादं निरीक्षण, कॉर्नफ्लेक्सवरचा अजून एक आरोप. तिला तसं दे. तू म्हणतेस ना की तुला लग्नात फक्त पंगत वाढायला जायला आवडतं, मग तिने नुसतं "काहीही काय" म्हणून सोडू नये, वाढणाऱ्याला शेवटी जिलेबी उरत नाही हे तिने तुला तावातावाने पटवून द्यावं. माझ्यापेक्षा तुम्ही दोघी जास्त चांगलं शोधाल, पण तिचं प्रत्येक वाक्य वेगळं असू दे आणि त्यात तिचं स्वतःचं मत असू दे.

टोकणं म्हणजे ओरडणंच असंही नाही. त्याच वर्षी त्याच फायनलमध्ये पेकोपा नावाची जोडी तिसरी आली. त्यातला शोइनजी टोकायला जोरात सुरुवात करतो आणि मधेच समोरच्याला समजून घेतो. पार्टनर टॅक्सी ड्रायव्हर झालाय आणि त्याला दोनदा धडकतो, तर हा म्हणतो की दोनदा धडकला म्हणजे कदाचित मीच रस्त्यात उभा असेन. मला हे फार आवडतं. टोकायच्या जागी माणूस विचार करतो आणि हशा त्यावर येतो, त्यात कुणाचा अपमान नाही की कुणाच्या रंगारूपावर बोट नाही. आपल्याकडे स्किटमध्ये जाडी, टक्कल, सावळा रंग हे हाताशी लगेच मिळतं म्हणून सगळे तेच उचलतात, तुम्ही नका उचलू प्लीज.

डोक्यात टपली मारायची पण तू व्हिडिओत ठेवलीयस, ती काढ. डाउनटाउन या जोडीतला हामादा पार्टनर मात्सुमोतोच्या डोक्यात मारतो ते तू पाहिलंस, पण ते दोघं अमागासाकीचे, शाळेपासूनचे दोस्त, 1982 ला ओसाकात योशिमोतो या विनोदी कलाकारांच्या कंपनीची ट्रेनिंग स्कूल निघाली त्याच्या पहिल्याच बॅचचे, त्यांच्या टपलीमागे एवढी वर्षं आहेत. आणि त्यांचं शिकण्यासारखं दुसरीकडेच आहे. 'गाकी नो त्सुकाई' हा त्यांचा कार्यक्रम 1989 मध्ये सुरू झाला, त्यातल्या जुन्या एपिसोडमध्ये दोघं नुसते उभे राहून गप्पा मारायचे, प्रेक्षकांनी पोस्टकार्डावर काहीही प्रश्न पाठवायचे आणि मात्सुमोतो त्याला तोंडाला येईल ते उत्तर द्यायचा. तेव्हा हामादा कसा ऐकतो ते बघ. उत्तर चांगलं असलं तर तो स्वतःच आधी हसतो, आणि कमी पडलं तर सोडत नाही, अजून खोदतो. त्याच्या त्या खोदण्यामुळे मात्सुमोतोला पुढचं सुचतं.

नुसतं उभं राहून बोलायचं ही गोष्टसुद्धा कुणीतरी सुरू केलीय. आधी मान्झाई म्हणजे नवीन वर्षाला दारोदार जाऊन ढोलकं वाजवत शुभ बोलणाऱ्या जोड्या, त्यातून पुढे गाणं-वाजवणं-टपल्या असं सगळं स्टेजवर आलं. ओसाकात 1930 मध्ये एन्तात्सु आणि आचाको ही जोडी जमली, ते सूट घालून आले आणि फक्त बोलले, रोजच्या भाषेत, वासेदा आणि केइओ युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल मॅचवर वगैरे. चारेक वर्षांत जोडी फुटली, पण आज तू जे बघतेस त्याचा साचा त्यांचाच आहे. टीव्हीवर याची लाट आली ती 1980 ला, यासुशी-कियोशी आणि टू बीट वगैरे जोड्या, त्याबद्दल भेटल्यावर बोलू, नाहीतर हे पत्र संपायचंच नाही.

आता बघायचं कसं. तू जास्त करून व्हरायटी शोच्या क्लिप बघतेस असं वाटतंय, ज्यात खाली मोठ्या रंगीत अक्षरांत वाक्यं येतात आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत कुणाचातरी हसरा चेहरा असतो. बघ जरूर, मजा असते, पण शिकायला ते नको. कारण तिथे अर्धं टोकायचं काम एडिटर करतो, त्या अक्षरांनी. ते बघून आपल्याला वाटतं पॉजमध्ये काहीच नव्हतं तरी हसू आलं. त्यापेक्षा एम-वनच्या फायनल बघ, चार मिनिटं, दोन माणसं, मधोमध एक माईक, बाकी काही नाही.

त्या माईकवरून आठवलं. तो सोनीचा सी-38बी, तिकडे त्याला सान्पाची म्हणतात. दोघं त्या एकाच माईकमध्ये बोलतात, म्हणून खांद्याला खांदा लागेल इतके जवळ उभे राहतात. चेहरा समोर आणि बोलणं शेजाऱ्याशी, वैतागला की अर्धा वळतो, पार हाताबाहेर गेला की एक पाऊल मागे. तुम्ही व्हिडिओत स्टेजच्या दोन टोकांना उभ्या आहात आणि समोरासमोर बोलताय, म्हणजे प्रेक्षकांना दोघींचे कानच दिसणार. कॉलेजवाले कॉलर माईक देतो म्हणतील, तरी तुम्ही एक उभा माईक मागा.

2020 ची फायनलपण बघ, मॅजिकल लव्हली या जोडीची. शेवटच्या राउंडमध्ये नोदा ट्रेनमध्ये दांडी न पकडता उभं राहायचं म्हणून जवळजवळ सगळा वेळ जमिनीवर लोळतो, बोलतच नाही फारसं, आणि मुराकामी माईकपाशी उभा राहून जे दिसतंय ते सांगत राहतो. जिंकले. नंतर जपानभर वाद, की याला मान्झाई म्हणायचं का. मी म्हणेन नक्की म्हणायचं, कारण मुराकामीला बाजूला काढलं तर उरतो तो फक्त एक लोळणारा माणूस. हेच दोघं 2017 च्या फायनलमध्ये शेवटचे आले होते बरं का, दहावे, वर परीक्षकांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आणि 2021 ला निशिकिगोई ही जोडी जिंकली तेव्हा त्यातला हासेगावा पन्नास वर्षांचा होता. तुम्ही एकोणीस-वीसच्या पोरी, पहिल्या गॅदरिंगला नाही जमलं म्हणून पार्टनर बदलायचा विचार करू नका. मेसेजच्या शेवटी तसं काहीतरी सुचवलंयस तू, मला ते आवडलं नाही म्हणून स्पष्ट लिहितोय.

उलट असं करा. पुढचे दोन आठवडे भूमिका बदला, ती भलतं बोलेल, तू टोक. वाराई मेशी नावाची जोडी तर एकाच परफॉर्मन्समध्ये आळीपाळीने दोन्ही करायची, आता मी, आता मी, असं करत सलग नऊ वर्षं फायनलला गेले आणि 2010 ला जिंकले. तुम्ही कायम तसं करा असं नाही म्हणत. पण तू स्वतः टोकायला उभी राहिलीस की कळेल, आपलं पुढचं वाक्य डोक्यात घोळवत ठेवून समोरचीचं ऐकताच येत नाही. आणि भाषा तुमची ठेवा, "नान्दे या नेन" हे त्यांचं टोकायचं ठरलेलं वाक्य मराठीत आणायची गरज नाही, ती ओसाकाकडची बोली तिकडे शोभते. तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये तुझी मैत्रीण तुला जशी झापते ना, "ए बाई थांब जरा" करून, तेच स्टेजवर येऊ दे, ते आत्ताच्या स्क्रिप्टपेक्षा दहापट भारी आहे.

नवीन स्क्रिप्ट झाली की टाइप केलेली पाठवू नकोस, दोघींनी वाचलेली ऑडिओ पाठव, चार मिनिटांच्या वर नको. आणि या वेळी तिच्या ओळी तिलाच लिहायला दे.