जुनं चित्र, नवं कव्हर: सुरुवातीला एवढंच बघ

बँडच्या पहिल्या अल्बमवर जुनं पेंटिंग टाकायचंय ना? बिनधास्त टाक. पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचा १९८३ चा अल्बम 'पॉवर, करप्शन अँड लाइज' समोर ठेव. फ्रेंच चित्रकार फाँतँ-लातूरचं १८९० चं गुलाबांच्या टोपलीचं चित्र डिझायनर पीटर सॅव्हिलने जवळजवळ तसंच घेतलं आणि कोपऱ्यात रंगीत ठोकळ्यांची छोटी सांकेतिक पट्टी बसवली. कव्हरच्या पुढच्या बाजूला बँडचं नावही नाही! नवीन माणूस नेमका इथेच घसरतो: फिल्टर, चुरगळल्या कागदाचा पोत, वर तीन फाँट. एकच बदल कर, पण ठाम कर.

बाकी नेहमीच्या चुका:

- गूगलवर दिसलं म्हणजे फुकट, हा समज. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतो, युरोपात ७०. अल्बम जगभर जाणार, तेव्हा निदान ७० धर. न्यूयॉर्कचं मेट आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम ही संग्रहालयं हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइल्स मोफत देतात.
- अनोळखी माणसाचा जुना फोटो. व्हॅम्पायर वीकेंड या बँडच्या 'कॉन्ट्रा' अल्बमच्या कव्हरवरून २०१० मध्ये फोटोतल्या मॉडेलनेच कोर्टात दावा ठोकला होता. तू पेंटिंगवरच थांब.
- अख्खं चित्र चौकोनात कोंबणं. फ्लीट फॉक्सेस या बँडने २००८ मध्ये चित्रकार ब्रूगेलच्या १५५९ च्या गजबजलेल्या चित्राचा फक्त एक तुकडा घेतला.

चौकोन ३००० पिक्सेलचा ठेव, आणि मोबाइलवर नखाएवढा करून बघ. रंगसंगती, छपाई वगैरे नंतर बोलू. आधी दोन-तीन चित्रं निवडून इथे टाक.