काल छापत होता, आज गप्प: लिनक्स मिंट आणि लेझरजेट १०२०

ताई, प्रिंटर बिघडलेला नाही. मिंट तिसऱ्यांदा टाकायच्या भानगडीत पडू नका, आणि 'लॉजिक कार्ड (प्रिंटरमधला मुख्य सर्किट बोर्ड) गेलंय' म्हणणाऱ्या त्या मेकॅनिकला एवढ्यात पैसे देऊ नका.

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. राजापूरजवळ तुमचं झेरॉक्सचं दुकान. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाही, म्हणून भाच्याने शनिवारी दुपारी त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली टाकून दिली. एचपीचा लेझरजेट १०२० आपोआप सापडला, संध्याकाळपर्यंत सातबारे आणि आधारच्या प्रती मिळून चाळीसेक पानं निघाली. रविवारी सकाळी मात्र कागद हलेना. स्क्रीनवर 'काम पूर्ण', प्रिंटरवर हिरवा दिवा, आणि गिऱ्हाईक समोर उभं. भाच्याने मिंट परत टाकलं, तरी तेच.

आता माझा प्रश्न. शनिवारी मिंट टाकताना प्रिंटर चालूच होता, आणि रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडलात, बरोबर? आपल्याकडे पावसाळ्यात विजांच्या भीतीने पाडतात आणि मग ती सवय बारा महिने राहते. सगळं कोडं त्या मेन स्विचमध्ये आहे.

लेझरजेट १०२० स्वस्त पडावा म्हणून त्यात मेमरी अवघी २ एमबी दिलेली आहे. पान आखण्याचं सगळं डोक्याचं काम कॉम्प्युटर करतो. इतकंच असतं तर चाललं असतं, पण या प्रिंटरला स्वतःचं फर्मवेअरही (यंत्राला चालवणारा त्याच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम) कायमचं साठवता येत नाही. बटण दाबलं की तो कोऱ्या पाटीसारखा उठतो आणि कॉम्प्युटर फर्मवेअर पाठवेल याची वाट बघत बसतो. ते मिळालं की वीज असेपर्यंत त्याला सगळं आठवतं. वीज गेली की पाटी पुसली. बागेतला राखण्या रोज सकाळी कलमं कुठली, कुंपण कुठलं हे विसरून उठायला लागला तर त्याला रोज फिरवून आणावं लागेल, तसंच हे.

शनिवारी सकाळी त्याला फर्मवेअर पाजलं होतं तुमच्या विंडोजने. भाच्याने कॉम्प्युटर पुसला, मिंट टाकलं, दोनदा रीस्टार्ट केला, पण प्रिंटरचा प्लग वेगळा, तो कुणी काढला नाही. त्यामुळे पोटात विंडोजचं फर्मवेअर आणि समोर लिनक्स अशा अवस्थेत त्याने संध्याकाळपर्यंत इमानाने छापलं. रात्री मेन पडला आणि रविवारी फर्मवेअर पाजायला कुणीच नव्हतं. मिंट दहा वेळा टाकलंत तरी नसेल.

मिंटने पाजलं का नाही? अशा प्रिंटरसाठी लिनक्सवर दोन वाटा आहेत. एक 'फूटूझेडजेएस' नावाचा मोकळा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम. तो पान नीट तयार करतो, पण फर्मवेअर एचपीच्या मालकीचं असल्यामुळे ते त्याच्या पॅकेजसोबत येत नाही, वेगळं आणून द्यावं लागतं. दुसरी वाट एचपीने स्वतः लिनक्ससाठी केलेल्या 'एचपीलिप'ची. १०२० साठी तिलाही एक बंद प्लगिन (एचपीच्या मालकीचा जोड-प्रोग्रॅम) लागतं, पण ते ती स्वतः उतरवून घेते आणि पुढे प्रिंटर चालू झाला की फर्मवेअर आपसूक पाठवते. प्लगिनची परवानगी तुम्ही दिलेली नसते, म्हणून मिंट आपोआप जोडणी करताना बहुधा पहिली वाट धरतं.

खात्री करून घ्या. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'एलपीस्टॅट -व्ही' असं लिहा (टाइप अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत, मी मोबाइलवरून लिहितोय आणि कीबोर्ड बदलायचा कंटाळा आहे). उत्तरात प्रिंटरच्या नावापुढे पत्ता येतो. तो 'यूएसबी'ने सुरू होत असेल तर माझा अंदाज बरोबर. 'एचपी'ने सुरू होत असेल तर एचपीलिप आधीच लागलेलं आहे आणि फक्त प्लगिन राहिलंय.

उपाय. मेनूतल्या 'प्रिंटर्स'मध्ये जाऊन आत्ताची नोंद काढून टाका. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'एचपीलिप' शोधा, ते बहुतेक असेलच. शेवटी 'जीयूआय' लिहिलेलं त्याचं भावंडही घ्या. फूटूझेडजेएसचं पॅकेज मात्र काढा. दोघेही एकाच प्रिंटरवर हक्क सांगतात आणि मग वरण भात एकमेकांवर सांडल्यासारखी स्थिती होते. आता टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगिन'. तो परवान्याला होकार मागेल, पासवर्ड मागेल. मध्येच 'सही तपासायची किल्ली मिळाली नाही, तरी पुढे जाऊ का' असंही विचारू शकतो. त्याचा किल्ल्यांचा सर्व्हर पुष्कळदा उत्तर देत नाही. अशा वेळी मी एकदा थांबून पुन्हा प्रयत्न करतो, तरी तेच आलं तर होकार देतो. दुकानात रेंज नसेल तर प्लगिनची फाइल दुसरीकडे पेनड्राइव्हवर घेऊन तिचा पत्ता देण्याची सोयही त्यात आहे. फक्त तिचा आकडा तुमच्या एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळला पाहिजे.

मग 'एचपी-सेटअप'. यूएसबी निवडा, प्रिंटर दिसेल, पुढे-पुढे करत जा. आता प्रिंटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा आणि कान देऊन ऐका. चालू केल्याची पहिली घरघर होईल, आणि जरा थांबून, फर्मवेअर पोचल्यावर, दुसरी. रविवारपासून तुम्हाला ती दुसरी घरघर ऐकू आली नसणार. माझ्या लेखी टेस्ट पेजपेक्षा तिची किंमत जास्त आहे.

आवृत्ती जुळण्याबद्दल एवढं बजावतोय कारण मी स्वतः भाजून घेतलंय. मी दापोली तालुक्यातला, गावच्या वाचनालयाचे कॉम्प्युटर बघतो. २०२० च्या टाळेबंदीत रिकामा वेळ होता म्हणून मी तिथला उबुंटू (मिंटसारखीच लिनक्सची एक प्रणाली) १८.०४ वरून २०.०४ वर नेला. वाचनालय बंद, छापायचं काही नाही, त्यामुळे प्रिंटर तपासला नाही. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. छपरं गेली, माड-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आणि बरेच दिवसांनी एकदाची वीज आली तेव्हा लोक नुकसानभरपाईचे अर्ज छापायला दारात. प्रिंटर ढिम्म. स्क्रीनवर 'फिल्टर फेल्ड' एवढंच. 'प्रिंटरलाही वादळ लागलं' असं म्हणून शेजारचे काका मोकळे झाले. मी दोन रात्री घालवल्या, नवी केबल आणली, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की उबुंटूसोबत एचपीलिप बदललं होतं आणि प्लगिन जुनंच राहिलं होतं. 'एचपी-प्लगिन' पुन्हा चालवला, पाच मिनिटांत कागद बाहेर. उद्या भाच्याने मिंटची नवी आवृत्ती टाकली की तुम्हालाही हेच करावं लागेल. त्याच्या वहीत नाही, दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

दिवसात दहा वेळा लाइट जाते तिथे आणखी एक. तुमचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि प्रिंटर थेट लाइनवर असेल, तर ते तसंच राहू द्या. लेझर प्रिंटरचा तापणारा भाग एकदम मोठा लोड ओढतो, छोट्या यूपीएसला तो झेपत नाही. पण मग लाइट आल्यावर दुसरी घरघर ऐकायची. आली नाही तर 'एचपी-फर्मवेअर' ही आज्ञा हाताने द्या, ती तेवढंच काम करते. डेस्कटॉपवर तिचा आयकॉन करून ठेवला तर दुकानात बसणारं कुणीही दाबू शकतं.

दुकानासाठी भाच्याने वेगळं खातं उघडलं असेल आणि प्रिंटरची सेटिंग बदलताना ते नकार देत असेल, तर त्या खात्याला 'एलपीॲडमिन' गटात घालायला सांगा. प्रिंटर 'थांबवलेला' दिसला तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे इंग्रजी कोलन (विसर्गासारखे दोन ठिपके) देऊन ६३१ टाका, हेही इंग्रजीतच. ते कप्सचं पान, म्हणजे लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार बघणाऱ्या प्रोग्रॅमचं. तिथून रांग मोकळी करता येते, आणि निम्म्या वेळा कुणीतरी अडकवलेली एखादी जुनी फाइलच सापडते.

सातबाऱ्याच्या खालच्या दोन ओळी कापल्या जातात म्हणालात, ते वेगळं दुखणं आहे. मिंट टाकताना भाषा 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' ठेवली की कागद अमेरिकेचा 'लेटर' धरला जातो, आणि तो ए४ पेक्षा १८ मिलिमीटर आखूड असतो. प्रिंटरच्या गुणधर्मांत ए४ करा आणि पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्येही एकदा बघा, तो स्वतःचं वेगळं लक्षात ठेवतो.

लग्नपत्रिकेच्या जुन्या फाइलींत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतोय, त्यात प्रिंटरचा काही दोष नाही. त्या फाइली युनिकोडपूर्वीच्या (मराठी अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी दिसावीत म्हणून केलेल्या पद्धतीच्या आधीच्या) फाँटमध्ये केलेल्या आहेत. तो फाँट तुमच्या जुन्या हार्डडिस्कवर असेल तर आणून बसवा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल. नव्या कामासाठी 'फाँट्स-देवा' पॅकेज पुरेसं आहे.

कागद दोन-दोन ओढले जातात त्याला लिनक्स काय करणार! उघडलेलं रीम आपल्या हवेत दोन दिवसांत ओल धरतं आणि कडा वळतात. पापडासारखं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ट्रेमध्ये सकाळी लागेल तेवढंच घाला.

नवा प्रिंटर घ्यावा का असंही शेवटी विचारलंय. आत्ता नको. १२ए काडतूस कुठेही भरून मिळतं आणि हे यंत्र अजून बरीच वर्षं ओढेल. कधी घेतलाच तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलं बघून घ्या. असे प्रिंटर लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात आणि फर्मवेअर स्वतःच्या पोटात ठेवतात.

एचपी-सेटअप झाल्यावरही दुसरी घरघर आली नाही, तर 'एलपीस्टॅट -व्ही' आणि 'एलएसयूएसबी' या दोन्हींचं उत्तर जसंच्या तसं पाठवा. फोटो काढून पाठवलात तरी चालेल, फक्त स्क्रीनवर ट्यूबलाइटची चमक येऊ देऊ नका, मागच्या वेळी अर्धी ओळ वाचताच आली नव्हती.