पाळणाघराला देणगी, भाकरीला कर्ज

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. विडी वळणाऱ्या बायकांना कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं काम, शेजारच्या खोलीत त्यांच्या पोरांसाठी पाळणाघर, आणि या सगळ्याला मिळून १५ लाखांची सामाजिक गुंतवणूक. बेत चांगला आहे, पण पैसे असे एका गाठोड्यात मागू नकोस.

गुंतवणूकदार कितीही कनवाळू असो, त्याला मुद्दल परत हवं असतं, बहुतेकदा थोडं व्याजही. पाळणाघर ते कुठून देणार? त्या बायांकडून जबर फी घेऊन? त्यासाठी देणगीच माग, सीएसआरवाल्यांचे, म्हणजे समाजकार्यासाठी पैसे देणाऱ्या कंपन्यांचे, उंबरे झिजव.

भाकरीचं गणित निराळं. मंगळवेढ्याची नवी मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येते, तेव्हाच ती भरून ठेवावी लागते. पुण्याचा दुकानदार माल आज उचलणार आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी देणार. तेवढा काळ निभवायला कर्ज हवं, आणि ते फिटतंही. फक्त सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला गल्ला बघून हप्ता ठरवू नकोस. पावसाळ्यात भाकरी सादळते, हप्ता काही थांबत नाही.

आता तुम्हा मंडळींना कंटाळवाणी वाटणारी गोष्ट. तुमचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना ट्रस्टसाठी कर्ज काढता येत नाही. स्वतःचे शेअर काढून विकणं तर ट्रस्टला जमतच नाही. सेक्शन ८ कंपनी, म्हणजे समाजकार्यासाठीची बिनानफ्याची कंपनी, काढलीस तरी तिला लाभांश वाटता येत नाही. म्हणून भाकरीचा धंदा बायांच्याच सहकारी संस्थेत किंवा उत्पादक कंपनीत ने, पाळणाघर ट्रस्टकडे राहू दे. दोन खाती, दोन कीर्दी. सुरुवातीची लहान रक्कम बचत गटाच्या नावावर बँकेतून मिळेल. नाबार्डने ही वाट १९९२ मध्येच पाडून ठेवली आहे.

सोशल स्टॉक एक्सचेंजचं, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसे उभे करता येतात त्या शेअर बाजारातल्या विभागाचं, तू उत्साहाने लिहिलंयस. तिथले झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल रोखे घेणाऱ्याला ना व्याज मिळतं ना मुद्दल. म्हणजे ती देणगीच, फक्त हिशेब चारचौघांत द्यावा लागतो. २०२३ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, असे रोखे काढून उभी करायची किमान रक्कम एक कोटीवरून ५० लाखांवर आणली, तरी तुला ती झेपायची नाही.

राजस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेसाठी २०१५ ते २०१८ मध्ये झालेला प्रयोग मात्र नीट बघ. पैसे आधी यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने घातले. मुली किती शाळेत आल्या, किती शिकल्या हे त्रयस्थाने मोजल्यावर दुसऱ्या संस्थेने ते परताव्यासह फेडले. शिकण्याचं उद्दिष्ट १६० टक्के गाठलं गेलं. तुझ्या आराखड्यात मोजणं कुठेच नाही. आज एक बाई विडीवर दिवसाला किती कमावते, हे तरी लिहून ठेवलंयस का?

रविवारी ये. येताना गेल्या वर्षाची कीर्द आण, आणि जमलं तर त्यांच्यातल्या एकदोघींनाही. कर्ज शेवटी त्यांच्या नावावर चढणार आहे.

तुझा,
काका