बनवणं बंद झालेल्या जुन्या रायफलचा एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस ओढून बाहेर काढणारा हुक) तुटलाय, पार्ट कुठे मिळेल?

आधी ती रायफल खरी कोणी बनवली ते शोधा, नुसतं बॅरलवरचं नाव टाकून सर्च केलं तर हाती काही लागत नाही. सीअर्स, मॉन्टगोमेरी वॉर्डसारखी अमेरिकन दुकानं रायफली स्वतः बनवत नव्हती, मार्लिन, सॅव्हेज, मॉसबर्ग वगैरेंकडून करून घ्यायची आणि वर जे. सी. हिगिन्स नाहीतर वेस्टर्न फील्ड असं आपलं नाव टाकायची, त्यामुळे मूळ कंपनीच्या मॉडेलचा पार्ट बऱ्याचदा तसाच्या तसा बसतो. जुन्या बंदुकांचे पार्ट विकणाऱ्या न्यूमरिच या अमेरिकन कंपनीकडे याचा क्रॉस रेफरन्स चार्ट (दुकानाच्या कुठल्या मॉडेलमागे मूळ कुठलं मॉडेल ते दाखवणारा तक्ता) आहे, तो बघाच. सिरीयल नंबर नसेल तरी घाबरू नका, अमेरिकेत १९६८ च्या कायद्याआधी बऱ्याच साध्या, छोट्या गोळीच्या .२२ रायफलींवर तो नसायचाच.

तुटलेला तुकडा मात्र फेकू नका!! एकाच मॉडेलमध्येही मधेच डिझाईन बदललेलं असतं, म्हणून ऑर्डर करण्याआधी माप घेऊन फोटोशी जुळवा. कुठेच नाही मिळाला तर चांगला गनस्मिथ त्या तुकड्यावरून नवीन घडवून देतो, महाग पडेल पण जमतं. आणि एक्स्ट्रॅक्टरऐवजी अख्खा बोल्टच (बॅरलची मागची बाजू बंद करणारा, एक्स्ट्रॅक्टर ज्यावर बसतो तो सरकता भाग) दुसरा घेतलात तर हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसासाठी उरणारी नेमकी जागा) चेक केल्याशिवाय एकही गोळी झाडू नका, प्लीज.